पत्ता वाशीचा, मार्केट तुर्भ्याचे

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, सिन्नरकडून भाजीची गाडी भरून निघाली, की चावडीवरचा माणूस विचारतो, ‘माल कुठं?’ उत्तर ठरलेले, ‘वाशीला.’ वास्तविक मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीची आवारे तुर्भ्याकडे, सेक्टर १८-१९ मध्ये आहेत. पण वाशी हे नाव तोंडात बसले ते बसलेच. पट्टीवर, पाटीवर कोणी वाशी लिहितो, कोणी तुर्भे. पिनकोड कोणी ४००७०३ टाकतो, कोणी ४००७०५. ड्रायव्हर मुरलेला असेल तर त्याचे काही अडत नाही. त्याला गाळा डोळे मिटून सापडतो. पण आता नवी पोरे शेतीत उतरली आहेत. ती आधी मोबाईल काढतात आणि पेढीचे नाव टाकतात. समोर एकाच पेढीचे दोन-तीन पत्ते, दोन-तीन नंबर येतात. त्यातला खरा कोणता?

हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. माल भरून पाठवायचा, शीतगृहात ठेवायचा, क्रेट घ्यायचे, ठिबकचे साहित्य मागवायचे, फवारणीच्या पंपाचा सुटा भाग आणायचा, तर नवी मुंबईशी संबंध येतोच. एकीकडे बाजार समिती, तिला लागून ठाणे-बेलापूर रस्त्याची एमआयडीसी, पलीकडे तळोजा. दुकानदार आणि कारखानदार तिथे, गिऱ्हाईक इथे बांधावर. या दोघांची गाठ घालून देणारा जो मधला दुवा आहे, तो गेल्या तीस वर्षांत पार बदलून गेला. तो दुवा कोणाच्या हातात आहे आणि त्याचे पोट कशावर भरते, हे शेतकऱ्याने आणि गावच्या कारभाऱ्यांनी समजून घ्यायला हवे.

पट्टी हीच पहिली यादी

मुंबई बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. पुढे एकेक बाजार मुंबईतून खाडीपलीकडे हलला. कांदा-बटाटा आधी आला, मग मसाला आणि धान्य, आणि १९९६ मध्ये भाजीपाला व फळे. क्रॉफर्ड मार्केट आणि भायखळ्याचे पत्ते एका फटक्यात जुने झाले. त्या वेळी नवा गाळा नंबर शेतकऱ्याला कळला कसा? पट्टीवरून. आडत्याने पाठवलेल्या हिशेबपट्टीच्या माथ्यावर पेढीचे नाव, गाळा नंबर, फोन नंबर छापलेला असे. ती पट्टी घडी घालून पासबुकात ठेवायची, शेजाऱ्याला दाखवायची. ‘आमचा हा माणूस बघ, पैशाला चोख आहे,’ असे सांगायचे. नाव, पत्ता, फोन आणि वर ओळखीच्या माणसाचा शब्द. आज इंटरनेटवरच्या याद्या ज्याला नोंद आणि अभिप्राय म्हणतात, ते याहून निराळे काही नाही. फरक एवढाच, की तिथे शब्द देणारा आपल्या गावचा होता. खोटे बोलला असता तर पारावर त्याला जाब विचारता आला असता.

शहरात यासाठी टेलिफोन डिरेक्टरी होती. १९८६ साली महानगर टेलिफोन निगम झाले, त्याच्या डिरेक्टरीचे ठोकळे उशाला घ्यावेत एवढे जाड. धंद्यांची वेगळी पिवळी पाने असायची. त्यात जाहिरात दिली की नाव ठळक. नंबर विचारायचा तर १९७ फिरवायचा. पण पुस्तक छापून हातात पडेपर्यंत निम्मे नंबर बदललेले असत. नवी मुंबई तर तेव्हा वाढत होती. रोज नवा सेक्टर, नवी इमारत. १९९२ साली मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू झाली, त्याच वर्षी महापालिका आली. असल्या शहराची यादी कागदावर छापून टिकणार कशी? आणि गावाकडे तर डिरेक्टरी पाहायला कोणाला मिळत होती! एसटीडी बूथवाल्याच्या भिंतीवर पेनाने लिहिलेले नंबर, तीच आपली डिरेक्टरी.

पन्नास हजारांवर उभा राहिलेला धंदा

१९९६ साली मुंबईत व्ही. एस. एस. मणी यांनी सुमारे पन्नास हजार रुपयांच्या भांडवलावर जस्ट डायल सुरू केली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी असाच एक प्रयत्न करून पाहिला होता, पण तेव्हा घरोघर फोनच नव्हते, तर विचारणार कोण? या वेळी त्यांनी लक्षात राहील असा नंबर मिळवला, आठाच्या रांगेचा. कल्पना साधी होती. फोन करायचा, ‘वाशीत मोटार वाइंडिंगवाला पाहिजे’ म्हणायचे, पलीकडची मुलगी यादीतून तीन-चार नावे सांगणार. विचारणाऱ्याला फुकट. पैसे कोण देणार? ज्याचे नाव आधी सांगितले जाईल तो दुकानदार. या धंद्याची सगळी मेख इथे आहे, आणि ती आजतागायत बदललेली नाही. यादीत नाव येणे फुकट असते, यादीत वर येणे विकत असते.

त्याच वर्षी दिल्लीकडे दिनेश अगरवाल आणि ब्रिजेश अगरवाल यांनी इंडियामार्ट काढले. सर्वसामान्यांना इंटरनेट खुले होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. विदेश संचार निगमने ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले. कारखानदारांकडे संगणक नव्हता. मग परदेशातून आलेली चौकशी ही मंडळी कागदावर उतरवून घेत आणि फॅक्सने किंवा टपालाने कारखानदाराला धाडत. सुरुवातीला सगळा भर निर्यातीवर होता. २००८ ची जागतिक मंदी आली, परदेशी गिऱ्हाईक आटले, तेव्हा ते देशातल्या खरेदी-विक्रीकडे वळले. तुर्भ्याच्या एमआयडीसीतला लहान कारखानदार आणि विदर्भातला गिऱ्हाईक यांची गाठ पडू लागली ती त्यानंतर.

दोन्ही कंपन्या पुढे शेअर बाजारात गेल्या, जस्ट डायल २०१३ मध्ये आणि इंडियामार्ट २०१९ मध्ये. २०२१ मध्ये जस्ट डायलचा ताबा रिलायन्स रिटेलने घेतला. पंचवीस वर्षांपूर्वी जो धंदा नावे सांगायचा, त्यात देशातल्या सगळ्यात मोठ्या किराणा विक्रेत्याला रस का वाटावा? कोण काय शोधतो, कुठल्या गावातून शोधतो, कोण काय विकतो, याची वही त्याच्या हाती आली. वहीची किंमत आपल्या सावकाराला जशी ठाऊक होती, तशी ती या मंडळींनाही ठाऊक आहे.

आता इथे शेतकऱ्याने एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. यादीवर जाऊन ‘वीस किलोचे प्लॅस्टिक क्रेट पाचशे नग पाहिजेत’ असे लिहिले, की पाच मिनिटांत फोनांचा पाऊस पडतो. लोक चिडतात, ‘माझा नंबर यांना दिला कोणी?’ आपणच दिला. त्या चौकशीलाच या धंद्यात किंमत आहे. एकच चौकशी अनेक विक्रेत्यांपुढे जाते, आणि तिला हात लावण्यासाठी विक्रेत्याने आधी वर्षाची वर्गणी भरलेली असते. म्हणजे तुमची गरज हाच विकला जाणारा माल. यात बेकायदा काही नाही, आणि चार भाव घरबसल्या कळतात हा फायदाही आहे. पण पहिला फोन आला म्हणून तोच खात्रीचा, असे समजू नये. ज्याने जास्त भरले त्याचा फोन आधी येतो.

आणखी एक बारकावा. काही याद्यांवर दिसणारा नंबर दुकानाचा नसतोच. तो यादीवाल्या कंपनीचा असतो आणि तिथून फोन दुकानाकडे वळवला जातो, म्हणजे किती गिऱ्हाईक पाठवले याचा हिशेब दुकानदाराला दाखवता येतो. दुकानदाराची वर्गणी संपली की तो नंबर गेला. म्हणून व्यवहार जमला तर दुकानाचा स्वतःचा नंबर मागून वहीत लिहून ठेवावा. होय, वहीतच. मोबाईल पडतो, विहिरीत जातो, वही घरी असते.

नकाशा आला

खरी उलथापालथ झाली ती नकाशाने. गूगलने २०१४ साली दुकानदारांसाठी ‘माय बिझनेस’ आणले, २०२१ मध्ये त्याचे नाव बदलून ‘बिझनेस प्रोफाइल’ केले. नाव नोंदवायला पैसे नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, ज्याचे ठाणे घणसोलीतच, आणि मोबाईलवरचे इंटरनेट एवढे स्वस्त झाले की मेंढपाळाच्या हातातही नकाशा आला. नाव टाका, रस्ता दिसतो, दुकान उघडे की बंद तेही दिसते. कोणते दुकान वर दाखवायचे हे तीन गोष्टींवर ठरते, असे गूगल सांगते: विचारले त्याच्याशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. वरचा क्रमांक पैसे देऊन मिळत नाही, जाहिरातीची जागा निराळी, असेही सांगते. आपण मात्र ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात’ असा बारीक शब्द दिसतो का, हे चष्मा लावून पाहावे.

फुकटाच्या गोष्टीवर किती विसंबायचे? २०१७ च्या जानेवारीत मोठा गाजावाजा करून भारतातल्या छोट्या दुकानदारांना गूगलने फुकट संकेतस्थळ देऊ केले. अनेकांनी ते केले, पाटीवर, कार्डावर पत्ता छापला. मार्च २०२४ मध्ये ती सारी स्थळे बंद करण्यात आली. दुसऱ्याच्या बांधावर लावलेल्या आंब्यासारखे हे. फळ मिळते तोवर खावे, झाड आपले समजू नये.

नवी मुंबईच्या मूळ गावांची तर वेगळीच कथा आहे. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर सिडकोने हे शहर वसवले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरात पडली. शेती गेली, आगरी-कोळी पोरे धंद्यात उतरली. कोणी गावठाणात हार्डवेअरचे दुकान काढले, कोणी गॅरेज, कोणी टेम्पो, कोणी खानावळ. शहराचे पत्ते मात्र नोड, सेक्टर, प्लॉट असे आखीव आणि गावठाणाचा पत्ता ‘देवळामागे, अमक्याच्या चाळीजवळ’. सुरुवातीला दुकान खरे आहे हे पटवायला गूगलकडून टपालाने कार्ड येई, त्यावर आकडा असे. सेक्टरवाल्याला ते बिनचूक मिळायचे. गावठाणातल्या दुकानदाराला पोस्टमन ओळखीचा असला तर मिळायचे. आता बहुतेक ठिकाणी मोबाईलवर चित्रफीत काढून पाठवावी लागते: रस्ता, पाटी आणि आतला भाग दिसला पाहिजे. हे त्यामानाने सोपे झाले. ज्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले, त्यांचीच दुकाने शहराच्या नकाशावर सगळ्यांत शेवटी आली, हे मात्र लिहून ठेवायला हवे.

तुमच्या-आमच्या गावाचे दुखणेही हेच. वाडी-वस्तीवरच्या रोपवाटिकेचा पत्ता काय सांगणार? ‘कॅनॉलच्या पुलापासून डाव्या हाताला.’ मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. देशाची सारी जमीन साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांची खूण दिली आहे. त्यात नाव नाही, गाव नाही, नुसती जागा. वस्तीवरच्या धंद्याला ही सोय कामाची आहे. टेम्पोवाल्याला तेवढी ती वापरायची सवय लागली पाहिजे.

चोर कुठून शिरतो

यादी सगळ्यांना खुली, तशी चोरालाही खुली. नकाशावरच्या नोंदीत कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. २०१८ मध्ये ठाण्यात याचाच फायदा घेण्यात आला. एका सरकारी बँकेच्या शाखेचा नकाशावरचा फोन नंबर भामट्यांनी बदलून आपला टाकला. खातेदाराने नकाशावर पाहून विश्वासाने फोन केला, पलीकडच्याने कार्डाचा नंबर, पिन विचारून घेतला, आणि पैसे गेले. खातेदाराने अनोळखी फोन उचलला नव्हता, त्याने स्वतः फोन केला होता. म्हणूनच हा प्रकार जास्त वाईट.

हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत गूगलने स्वतःच खोट्या नोंदी करणाऱ्यांवर दावा लावला. टेक्सासमधल्या एका कुलूपवाल्याने आपल्या नावाने भलताच कोणी धंदा करतो अशी तक्रार केली, तिचा माग काढता काढता दहा हजारांहून अधिक खोट्या नोंदी उघड झाल्या. तारे चांगले-वाईट देणारे अभिप्रायही विकत मिळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले, पण ते पाळणे ऐच्छिक ठेवले. ऐच्छिक म्हटल्यावर काय होते हे सरपंचांना वेगळे सांगायला नको!

मग करायचे काय? नवीन आडत्याकडे माल पाठवायचा असेल तर नाव यादीत किती वर आहे ते पाहू नका. बाजार समितीचा परवाना आहे का ते विचारा, परवाना क्रमांक घ्या, समितीच्या कार्यालयात फोन करून खात्री करा. समितीचा नंबर मात्र जुन्या पट्टीवरून किंवा आपल्या तालुक्याच्या बाजार समितीकडून घ्यावा, नकाशावरून नव्हे. जुलै २०१६ पासून फळे-भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकायला मोकळीक मिळाली आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. ही मोकळीक चांगली आहे. पण आवाराबाहेरच्या खरेदीदाराने पैसे बुडवले तर मध्ये पडायला समिती नसते, हेही तितकेच खरे. ‘थेट खरेदी’ म्हणून यादीवर झळकणाऱ्या नावाशी पहिला व्यवहार लहान करावा, रोख करावा.

पंप, पाइप, क्रेट, यंत्र विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक मागावा. तो सरकारी जीएसटी स्थळावर टाकला की नाव आणि पत्ता कोणालाही फुकट पाहता येतो. यादीतले नाव आणि तिथले नाव जुळले नाही, तर आगाऊ एक रुपया देऊ नये. ताज्या भाजीच्या आडत्याकडे जीएसटी असेलच असे नाही, कारण तो माल करमुक्त आहे. तिथे परवानाच पाहायचा. आणि ‘पैसे पाठवतो, तुमचा यूपीआय पिन टाका’ असे कोणी म्हणाले, तर फोन तिथेच ठेवावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. फसलोच तर लाजून गप्प बसू नये, तातडीने १९३० वर कळवावे. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आपले नाव आपणच लिहावे

आतापर्यंत गिऱ्हाईक म्हणून बोललो. पण शेतकरी आता विकणाराही आहे. रोपवाटिका आहे, गूळ आहे, दूध संकलन आहे, भाड्याने ट्रॅक्टर आहे, कृषी पर्यटन आहे. गटाची उत्पादक कंपनी आहे. दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची केंद्राची योजना फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाली. नोंदलेल्या सुमारे आठ हजारांपैकी पाच हजारांच्या आसपास संस्था ओएनडीसीच्या जाळ्यावर आल्याचे सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले. ओएनडीसी ही डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेली कंपनी. एका ॲपवर नाव टाकले की दुसऱ्या ॲपवरच्या गिऱ्हाइकालाही दिसावे, दुकानदार एकाच मालकाचे कूळ होऊन राहू नये, हा तिचा हेतू. हेतू उत्तम. पण नाव येणे वेगळे आणि माल विकला जाणे वेगळे. किती संस्थांनी प्रत्यक्षात किती विकले, हा प्रश्न प्रत्येक संस्थेच्या सभासदाने आपल्या संचालकांना वार्षिक सभेत विचारावा.

उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून आहे, आधारवर होते आणि तिला फी नाही. ती करून देतो म्हणून हजार-दोन हजार उकळणारी खासगी स्थळे सरकारी दिसतील अशी सजवलेली असतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) ही बाब फळ्यावर लिहावी. त्यासोबत गावातल्या धंद्यांची यादी एकदा ग्रामसभेत वाचली तर? गिरणी, गॅरेज, रोपवाटिका, कृषी सेवा केंद्र, टेम्पो, नाव आणि खरा नंबर. त्यातला प्रत्येक माणूस गावाच्या ओळखीचा असल्यामुळे खोटी नोंद आपोआप गळून पडेल. मग गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला बसवून तीच नावे नकाशावर टाकावीत, आणि वर्षाकाठी एकदा नंबर तपासावेत. याला शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही.

कोकणातल्या आंबेवाल्यांनी याहून पुढची पायरी गाठली आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी फळबाजारात आणि इंटरनेटच्या याद्यांवर ‘देवगड हापूस’ नावाने भलताच आंबा विकला जायचा थांबला नाही. नोंद करणारा कुठेही बसून देवगड लिहू शकतो ना! तेव्हा देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावरच सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी लावायला घेतली. क्रमांकाचा एक भाग वर दिसतो, दुसरा पट्टीखाली दडलेला. गिऱ्हाइकाने पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, उलट प्रश्न येतो की आतला क्रमांक कोणता, तो जुळला तर फळ देवगडचे. प्रत्येक बागायतदाराला त्याच्या झाडांच्या आणि उत्पादनाच्या मानाने मोजक्याच पट्ट्या मिळतात, त्यामुळे बागेत जेवढा आंबा तेवढ्याच पट्ट्या बाजारात.